वरचें दूध

(महोत्सवी वर्षांत धर्मग्रामांतील माता व कुटुंबीय यांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं व्यासपीठावर उभें राहिलें म्हणजे पूर्वजांची श्रद्धा, मंदिराची उभारणी, शाळेचा इतिहास असे विषय आपोआप पुढें येतात. त्यांवर बोलण्यास आमच्याहून अधिक अधिकारी मंडळी येथें बसलेली आहेत. आम्हीं आज जो विषय निवडला आहे तो त्या मानानें फारच लहान आहे. म्हणजे साधारण तीन किलो वजनाच्या माणसाचा आहे. तान्ह्या मुलास आईचें दूध पुरत नाहीं असें वाटूं लागलें म्हणजे वरचें दूध द्यावें काय, कोणतें द्यावें आणि कसें द्यावें, हा तो विषय.

धर्मगुरूनें या विषयांत कां पडावें, असें कोणी मनांत म्हणेल. आम्ही वैद्य नव्हे, आणि वैद्याची जागा घेण्याची आमची इच्छाही नाहीं. परंतु बाप्तिस्म्याची तारीख ठरविण्यास आईबाप येतात, आम्ही घरभेटीस जातों, तेव्हां हा प्रश्न हलक्या आवाजांत आमच्या कानीं पडतोच. "फादर, अंगावरचें पुरत नाहीं हो, सगळे म्हणतात डबा आणा." हें बोलतांना त्या मुलीची मान खालीं असते, जणूं तिच्या हातून कांहीं अपराध घडला आहे. एका बाजूस सासूबाई म्हणतात, "आम्हीं पांच पोरें वाढविलीं, आम्हांला नाहीं लागला डबा." दुसऱ्या बाजूस शेजारीण म्हणते, "आमच्या नातवाला सर्वांत महागाचा देतों, बघा कसा गुबगुबीत झाला आहे." नवरा बिचारा औषधाच्या दुकानांत फळीसमोर उभा राहून किंमती वाचीत असतो. आणि घरीं मूल रडत असतें. जेथें घरची शांति, घरचा पैसा आणि एका जीवाचें पोषण हीं तिन्ही एकदम पणास लागतात, तेथें धर्मगुरूनें मौन धरणें योग्य नव्हे असें आम्हांस वाटतें. म्हणून जाणत्या डॉक्टरांनीं व जागतिक आरोग्य संघटनेनें जें स्पष्ट सांगून ठेविलें आहे, तें आपल्या भाषेंत क्रमवार मांडतों.

आपल्या मराठींत या दुधास जें नांव आहे तेंच मुळीं अर्ध्या उपदेशाचें काम करतें. आपण त्यास "वरचें दूध" म्हणतों. वरचें म्हणजे मुळावर घातलेली भर. भाकरीवर लोणी असतें, लोण्यावर भाकरी नसते. हा एक शब्द लक्षांत ठेवला तर पुढचें सारें बोलणें सोपें होईल. डबा कोणता, हा प्रश्न आपण पहिला विचारतों. वास्तविक तो दुसरा आहे. पहिला प्रश्न, गरज आहे काय? दुसरा, कोणतें? आणि तिसरा, जो बहुधा कोणीच विचारीत नाहीं आणि ज्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो, तो म्हणजे, कसें?

आईच्या दुधास पर्याय शोधण्याची धडपड फार जुनी आहे. फारोच्या कन्येनें नदींत सांपडलेल्या मोशेसाठीं दाई मागविली आणि ती दाई म्हणजे त्याची जन्मदात्रीच निघाली, ही कथा आपणांस ठाऊकच आहे. आपल्याकडे गाईचें किंवा शेळीचें दूध पाणी घालून बोंडल्यानें पाजीत असत. डब्यांतील दुधाचा इतिहास मात्र दीडशें वर्षांहून थोडा अधिक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनीं १८६० नंतरच्या दशकांत तान्ह्या मुलांसाठीं कृत्रिम अन्न तयार केलें. त्यामागोमाग कारखाने निघाले आणि कारखान्यांमागोमाग जाहिराती निघाल्या. १९३९ सालीं सिंगापूर येथें डॉक्टर सिसिली विल्यम्स या बाईंनीं रोटरी क्लबापुढें एक भाषण केलें. साखर घातलेलें आटविलेलें दूध तान्ह्या मुलांसाठीं उत्तम म्हणून खपविलें जात होतें आणि तीं मुलें त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होतीं. अशा प्रचारानें होणारे मृत्यु हे खून समजले पाहिजेत, असें त्यांनीं उघड सांगितलें. त्या भाषणाचें नांवच "दूध आणि खून" असें होतें.

या जागृतीचें फळ येण्यास बराच काळ लागला. १९८१ सालीं जागतिक आरोग्य सभेनें अशा पदार्थांच्या विक्रीसाठीं आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मान्य केली. आपल्या देशानें १९९२ सालीं कायदा केला आणि २००३ सालीं तो अधिक कडक केला. या कायद्यान्वयें तान्ह्यांच्या दुधाची व दुधाच्या बाटलीची जाहिरात करतां येत नाहीं, फुकट नमुने वांटतां येत नाहींत, खप वाढविण्यासाठीं भेटी देतां येत नाहींत, आणि डब्यावर गोंडस बाळाचें वा मातेचें चित्र छापतां येत नाहीं. उलट आईचें दूध हेंच बाळासाठीं सर्वोत्तम, हें वाक्य डब्यावर ठळक छापावें लागतें. आपल्या स्मरणिकेसाठीं जाहिराती गोळा करणाऱ्या तरुणांस आम्हीं हें मुद्दाम सांगून ठेविलें आहे: मिठाईवाल्याची घ्या, सिमेंटवाल्याची घ्या, मंडपवाल्याची घ्या; तान्ह्यांच्या डब्याची मात्र घेतां येणार नाहीं. या कायद्यानें डबा विकण्यास बंदी केलेली नाहीं. भोळ्या मातेस भुलवून तो तिच्या गळ्यांत बांधण्यास बंदी केली आहे. हा भेद ध्यानांत ठेवावा.

आतां पहिला प्रश्न घेऊं. गरज आहे काय?

जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आंत मूल अंगावर घ्यावें. सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें, पाणीसुद्धां नको. आणि त्यापुढें वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ अंगावर पाजीत राहावें, हा सर्वमान्य नियम आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, आपल्या देशांत पहिल्या तासांत अंगावर घेतलेलीं मुलें शेंकडा ४१.८ होतीं, आणि सहा महिन्यांखालील मुलांपैकीं केवळ आईच्या दुधावर असलेलीं शेंकडा ६३.७. म्हणजे शंभरांतील छत्तीस मुलांच्या तोंडांत कांहीं ना कांहीं दुसरें पडत होतें. त्या सर्वांना त्याची गरज होती, असें कोणताही डॉक्टर म्हणणार नाहीं.

चूक बहुधा पहिल्या तीन दिवसांत होते. बाळंतिणीस प्रथम जो पिवळसर घट्ट चीक येतो तो मोजला तर चमचे-दोन चमचेच भरतो. घरचीं माणसें म्हणतात, दूधच नाहीं. मग कोणी साखरपाणी देतो, कोणी गुटी उगाळतो, कोणी मधाचें बोट चाटवितो. वास्तविक नवजात मुलाचें पोट त्या चिकापुरतेंच लहान असतें, आणि त्या चिकांतच रोगापासून रक्षण करणारीं द्रव्यें भरलेलीं असतात. मधाविषयीं तर स्पष्टच सांगावयास हवें: एक वर्षाच्या आंतील मुलास मध देऊं नये, त्यांतून बोट्युलिझम नांवाचा, अंग लुळें पाडणारा विषार होऊं शकतो. भरपूर दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं उतरतें. शस्त्रक्रियेनें बाळंतपण झालें असल्यास कधीं थोडा उशीर लागतो. तोंवर मुलाचें वजन शेंकडा सात ते दहापर्यंत उतरलें तरी तें बहुधा नैसर्गिक असतें. त्याहून अधिक उतरलें, मूल सुस्त झालें, पिऊं लागलें नाहीं, किंवा कावीळ वाढली, तर मात्र क्षणाचा विलंब न लावतां डॉक्टर गांठावा.

पुढें दूध पुरतें कीं नाहीं हें कशावरून ओळखावें? मुलाच्या रडण्यावरून नव्हे. मूल भुकेनें रडतें तसें उकाड्यानें, झोंपेनें, पोटांतील वाऱ्यानें आणि आईच्या कुशीसाठींही रडतें. संध्याकाळीं तें घटकेघटकेला अंगावर मागतें, हेंही दूध आटल्याचें लक्षण नव्हे. बाटली तोंडांत देतांच तें घटाघटा प्यालें, हाही पुरावा नव्हे. दूध आपोआप तोंडांत ओघळूं लागलें म्हणजे तान्हें मूल भूक नसली तरी गिळत राहतें. खरे साक्षी दोनच आहेत, लंगोट आणि तराजू. पांचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळां लघवी होत असेल, दोन आठवड्यांच्या आंत जन्माचें वजन भरून आलें असेल, आणि पुढें पहिले तीन महिने वजन दिवसाकांठीं सरासरी वीस ते तीस ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरत आहे. मग शेजारीण कांहींही म्हणो. वजन मात्र दरवेळीं त्याच कांट्यावर करावें.

आणि खरोखरच कमी पडत असेल तरीही पहिला उपाय डबा नव्हे. आमच्या वाडीवाल्यांना विहिरीचा धर्म शिकवावा लागत नाहीं. उपसा चालूं असला तर झरा जिवंत राहतो. उपसा थांबला कीं झरा बुजतो. आईच्या दुधाची गोष्ट तशीच आहे. मूल जितकें ओढील तितकें दूध उतरतें. एक वेळ चुकली कीं शरीर समजतें, मागणी कमी झाली. म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळां, आणि विशेषतः रात्रीं, अंगावर घेणें; मुलाच्या तोंडांत केवळ बोंड न देतां भोंवतालचा काळा भागही जाईल असें धरणें; जाणत्या परिचारिकेस एकदां डोळ्यांनीं पाहूं देणें; आणि उरलेलें दूध हातानें किंवा पंपानें काढणें, हे पहिले उपाय. अळिवाचे लाडू, मेथी, शेपू हें खुशाल द्या. बाळंतिणीस पोटभर अन्न हवेंच. परंतु झरा वाढतो तो उपशानें.

इतकें करूनही ज्यांना वरचें दूध लागतें अशीं मुलें आहेत, आणि त्यांच्याविषयीं कोणीही नाक मुरडूं नये. दीड किलोहून कमी वजनाचें किंवा बत्तीस आठवड्यांच्या आंत जन्मलेलें मूल, रक्तांतील साखर उतरलेलें मूल, सर्व उपाय करूनही वजन न धरणारें मूल, कर्करोगासारख्या आजारांत ज्या आईस तीव्र औषधें घ्यावीं लागतात तिचें मूल, पुष्कळदां जुळीं, कामावर जाणाऱ्या आईचें मूल, जिचें काढून ठेवलेलें दूध पुरत नाहीं, आणि ज्याची आई निवर्तली आहे किंवा ज्यास दत्तक घेतलें आहे तें मूल. गॅलॅक्टोसेमिया नांवाचा एक दुर्मिळ जन्मजात दोष असा आहे कीं, त्यांत आईचें दूध मुळींच चालत नाहीं. अशा सर्वांसाठीं डबा हा उपकारकर्ता आहे. त्यास शिव्या देणें म्हणजे लंगड्याच्या काठीस शिव्या देण्यासारखें आहे.

भर घालावयाची तर तिचाही क्रम आहे. प्रथम आईचेंच काढून ठेवलेलें दूध. स्वच्छ भांड्यांत तें थंड खोलींत चार तास आणि फ्रीजमध्यें चार दिवस टिकतें, मात्र आपल्याकडील उन्हाळ्यांत बाहेर इतका वेळ ठेवूं नये. त्यानंतर दुग्धपेढींतील दुसऱ्या मातांचें तपासलेलें व तापवून निर्जंतुक केलेलें दूध. आशियांतील पहिली अशी पेढी १९८९ सालीं मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें निघाली, ही आपल्या प्रांताला भूषणावह गोष्ट आहे. हें दूध अर्थातच प्रथम रुग्णालयांतील अपुऱ्या दिवसांच्या व आजारी मुलांच्या वाट्यास जातें. आणि तिसरा क्रम डब्याचा.

आतां दुसरा प्रश्न. कोणतें?

येथें कित्येक जुनीं माणसें म्हणतील, "डबा कशाला? दारीं म्हैस आहे." म्हशीचें दूध उत्तम आहे, पण तें रेडकासाठीं, आणि रेडकू जन्मतांच तासाभरांत उभें राहून चालूं लागतें. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधांत सुमारें ३.३ ग्रॅम प्रथिनें असतात, आईच्या दुधांत सुमारें एक ग्रॅम. क्षारही पुष्कळ अधिक असतात, आणि म्हशीच्या दुधांत तर स्निग्धांशही फार. तो बोजा तान्ह्याच्या कोंवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. उलट लोह जवळजवळ नसतेंच, आणि कित्येक मुलांच्या आंतड्यांतून नकळत रक्त झिरपून पंडुरोग होतो. पाणी घातल्यानें प्रथिनें उतरतात, पण त्याबरोबर शक्तीही उतरते. म्हणून पहिल्या वर्षांत गाईम्हशीचें दूध हें मुलाचें मुख्य पेय करूं नये. डब्यांतील दूध बहुतेक गाईच्याच दुधाचें असतें. पण त्यांतील प्रथिनें व क्षार उतरवून, स्निग्धांश बदलून, दुग्धशर्करा, लोह आणि जीवनसत्त्वें घालून तें आईच्या दुधाच्या शक्य तितकें जवळ आणलेलें असतें. जवळ म्हणजे तेंच नव्हे. आईच्या दुधांतील रोगप्रतिकारक द्रव्यें कोणत्याही कारखान्यांतील डब्यांत आलेलीं नाहींत.

मग महागाचा डबा कीं स्वस्ताचा? याचें उत्तर ऐकून पुष्कळ बापांस हायसें वाटेल. तान्ह्यांच्या दुधांत कोणता घटक किमान किती व कमाल किती असावा, हें सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानें २०२० सालच्या नियमांनीं ठरवून दिलें आहे, आणि परवाना असलेल्या प्रत्येक डब्यास तें पाळावें लागतें. म्हणून पूर्ण दिवसांच्या निरोगी मुलास स्वस्तांतला साधा डबाही पोषणास पुरेसा असतो. डीएचए, अमुक जंतु, तमुक तंतु अशीं जीं नांवें वाढतात त्यांबरोबर किंमत निश्चित वाढते. पूर्ण दिवसांच्या मुलांची बुद्धि त्यानें सातत्यानें वाढते, असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. बापाचें प्रेम डब्याच्या किंमतीवर मोजूं नये.

दुकानांत उभें राहिल्यावर इतकें पाहावें. पहिलें, वय: जन्मापासून चालणारा, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा डबा. सहा महिन्यांनंतर दुसरा क्रमांक आणलाच पाहिजे असें नाहीं. पहिलाच वर्षभर चालतो, आणि वर्षानंतर बहुतेक मुलांस घरचें साधें दूध व जेवण पुरतें. दुसरें, घटक: शर्करेच्या जागीं मुख्यत्वें लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, असावी, साधी साखर घातलेली नसलेली बरी. लोह असावें. तिसरें, चौदा आंकडी परवाना क्रमांक, मुदतीची तारीख आणि न फुटलेलें सील. चौथें, आकार: केवळ भर घालावयाची असेल तर लहान पुडा घ्यावा, कारण उघडलेली भुकटी फार दिवस ठेवूं नये, किती दिवस तें डब्यावर लिहिलेलें असतें. पांचवें, आणि हें फार महत्त्वाचें: चहासाठीं मिळणारी दुधाची पूड, साधी दूधभुकटी किंवा गोड आटविलेलें दूध हीं तान्ह्यांचें दूध नव्हेत. डबे दिसण्यास सारखे असतात, आणि स्वस्त म्हणून तेच उचलले जातात.

सोयाबीनचें दूध, लॅक्टोज नसलेलें दूध, प्रथिनें फोडलेलें दूध, अपुऱ्या दिवसांच्या मुलांचें दूध, हे सारे प्रकार औषधासारखे आहेत. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून आणूं नयेत. गाईच्या दुधाची खरी बाधा ज्यास होते त्यास शेळीचें दूधही बहुधा बाधतें. आणि मूल दोन दिवस किरकिरलें म्हणून आठवड्यास एक डबा बदलणें हा निव्वळ पैशाचा व मुलाच्या पोटाचा छळ आहे.

आतां तिसरा प्रश्न. कसें?

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका घरीं गेलों होतों. कष्टाळू माणसें, डब्यासाठीं पोटाला चिमटा घेणारीं. मूल चार महिन्यांचें असूनही दोन महिन्यांचें दिसत होतें. आई अभिमानानें म्हणाली, "फादर, एक डबा आम्ही महिनाभर पुरवितों." एका मापास दुप्पट-तिप्पट पाणी जात होतें. कोणाच्याही मनांत कपट नव्हतें. होती ती काटकसर, जी इतर सर्व बाबतींत सद्गुण आहे. मूल दूध पीत होतें, पोट भरत होतें, आणि उपाशी राहत होतें. परिचारिकेनें योग्य माप शिकविलें, आईचा पान्हाही पुनः वाढविला, आणि तें मूल सांवरलें.

हा हिशेब घरोघर सांगण्यासारखा आहे. केवळ डब्यावर असलेल्या तान्ह्यास दर किलो वजनामागें दिवसास साधारण १५० मिलिलिटर दूध लागतें. पांच किलोच्या मुलास ७५० मिलिलिटर. बहुतेक डब्यांत तीस मिलिलिटर पाण्यास एक सपाट माप असें प्रमाण असतें, म्हणजे पंचवीस मापें. या हिशेबानें चारशें ग्रॅमचा डबा चार दिवसांतच संपतो. हें आधीं कळलें तर पुष्कळ घरें डब्यावर संपूर्ण विसंबण्यापूर्वीं दोनदां विचार करतील आणि आईच्या दुधाचा झरा जपतील. पातळ दुधानें मूल खंगतें, रक्तांतील क्षार उतरून त्यास झटकेही येऊं शकतात. आणि "चांगलें बाळसें धरावें" म्हणून घट्ट केलेल्या दुधानें त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. म्हणून डब्यावरचें प्रमाण वाचावें, त्याच डब्यांतील माप वापरावें, तें दाबून न भरतां सुरीनें सपाट करावें, आणि पाणी आधीं मोजून मग भुकटी घालावी.

दुसरी गोष्ट, ही भुकटी निर्जंतुक नसते. तींत क्वचित् क्रोनोबॅक्टर नांवाचा जंतु असतो, आणि दोन महिन्यांखालील किंवा अशक्त मुलास तो प्राणघातक होऊं शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं सांगितलें आहे कीं, पाणी ७० अंशांहून थंड असूं नये. कांहीं डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलें असलें तरी ऊन पाणीच सुरक्षित. रीत सोपी आहे. हात साबणानें धुवावेत, भांडीं उकळावींत, ताजें पाणी खळखळ उकळून अर्ध्या तासाच्या आंत वापरावें, भुकटी मिसळून भांडें थंड पाण्यांत धरावें, आणि मनगटावर थेंब टाकून पाहून मगच पाजावें. तयार दूध दोन तासांच्या आंत संपवावें. उरलेलें ओतून द्यावें, पुनः तापवूं नये. बाहेरगांवीं जातांना तयार दूध नेऊं नये. ऊन पाणी थर्मासांत आणि मोजलेली भुकटी कोरड्या डबींत वेगवेगळीं न्यावीं.

तिसरी गोष्ट भर घालण्याच्या रीतीची. प्रथम दोन्ही बाजूंस अंगावर पाजावें, आणि मग वरचें द्यावें. आधीं डबा दिला तर मूल ओढणार नाहीं आणि झरा बुजेल. मात्रा लहान असावी. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशीं एका वेळीं दोन ते दहा मिलिलिटर, दुसऱ्या दिवशीं पांच ते पंधरा, तिसऱ्या दिवशीं पंधरा ते तीस इतकेंच पुरतें. पुढची मात्रा डॉक्टरांनीं वजन पाहून ठरवावी. बाटलीपेक्षां वाटी-चमचा किंवा आजीचें बोंडलें चांगलें, कारण तें धुण्यास सोपें, आणि बाटलीची संवय लागलेलें मूल पुष्कळदां अंगावर रुसतें. वजन धरूं लागलें कीं डॉक्टरांस विचारून भर हळूहळू उतरवावी. कामावर जाणाऱ्या आईनेंही सकाळीं निघण्यापूर्वीं, परतल्यावर आणि रात्रीं अंगावर पाजणें सोडूं नये. थोडें उरलें तरी तें मोलाचें असतें.

आतां शेवटीं घराविषयीं. २०१७ सालीं प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठीं बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. पण पहांटे फुलांच्या व भाजीच्या टोपल्या घेऊन गाडी गांठणाऱ्या आमच्या बहिणींना ही रजा कोण देतो? ती घरानेंच द्यावयाची असते. बाळंतिणीला सहा महिने जड कामांतून मोकळें करणें, रात्रीं भांडीं उकळून ठेवणें, दुपारी तिला घटकाभर झोंपूं देणें, हीं कामें बापानें केलीं तर त्याची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. सासूबाईंनीं आपला अनुभव जरूर सांगावा. पण तो मुलाच्या मानेखालीं हात कसा धरावा हें दाखविण्यासाठीं सांगावा, सुनेची मान खालीं जावी म्हणून नव्हे. चिंतेनें व अपमानानें पान्हा अडतो, हें वैद्यकही सांगतें. जी बाई रडतच राहते, जिला झोंप लागत नाहीं, जिला मूल नकोसें वाटूं लागतें, तिला उपदेशाची नव्हे, डॉक्टरांची गरज असते. आणि ती लपविण्याची गोष्ट नव्हे.

२०१४ सालच्या जानेवारींत परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीं सिस्टाईन मंदिरांत मुलांस बाप्तिस्मा देतांना तेथील मातांस सांगितलें कीं, मुलें भुकेलीं असतील तर संकोच न करतां येथेंच पाजा. ज्या मंदिरांत पोपमहाराजांची निवड होते तेथें जें चालतें तें आमच्या मंदिरांत चालणार नाहीं, असें कोणी म्हणूं नये. मागच्या बांकावर बसणाऱ्या प्रत्येक मातेस आमचें हेंच सांगणें आहे. आणि जी माता तेथें बसून वाटी-चमच्यानें वरचें दूध पाजीत असेल तिच्याकडे कोणी वळून पाहूं नये. तिनें कोणत्या रात्री काढल्या, किती वेळां प्रयत्न केला, डॉक्टरांनीं तिला काय सांगितलें, हें पाहणाऱ्यास ठाऊक नसतें. मूल तिच्या मांडीवर आहे, तिच्या हातानें पीत आहे, तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत आहे. मातृत्वाला याहून अधिक पुराव्याची जरूरी नाहीं.

तात्पर्य, गरज तराजूनें ठरवा, डबा परवान्यानें व वयानें निवडा, आणि दूध मापानें व स्वच्छतेनें द्या. आणि मूळचा झरा जितका टिकेल तितका टिकवा. या महोत्सवी वर्षांत आपल्या धर्मग्रामांत जीं बाळें जन्मास येतील तीं पुढच्या महोत्सवीं या व्यासपीठासमोर बसतील. तीं निकोप अंगानें व आनंदी मनानें येथें यावींत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.